विमानात ऑक्सिजन मास्क खाली आला तर काय करायचं : आधी ओढायचा, मग लावायचा

मास्क खाली आला की तो आधी जोरात ओढायचा आणि मग तोंडाला लावायचा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं, पण ते राहत नाही हे मला अनुभवाने माहितीये, म्हणून हे सगळं लिहितेय. बारा वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, नंतर नव्या मुलामुलींना सेफ्टी ट्रेनिंग दिलं, आणि आता व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज वाचले की जीव जळतो, कारण त्यात "घाबरू नका, मास्क लावा, दीर्घ श्वास घ्या" एवढंच असतं आणि जे खरं करायचं तेच नेमकं गाळलेलं असतं.

सीटबेल्ट कसा लावायचा, सेफ्टी कार्ड कुठे असतं हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

मास्क पडतात कधी?

विमान 35,000 फुटांवर असतं म्हणजे एव्हरेस्टच्याही बरंच वर. तिथली हवा आपल्या कामाची नाही, म्हणून केबिनमध्ये दाबाने हवा भरलेली असते आणि आतलं वातावरण साधारण 6,000 ते 8,000 फुटांवर असतं तसं ठेवतात. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट, तेव्हा खिडकीशी बसून तुम्ही उपमा खाता तो कळसूबाईच्या माथ्याहून उंच बसून खाता. हा दाब काही कारणाने गेला आणि केबिनमधली हवा 14,000 फुटांच्या आसपास असते इतकी विरळ झाली की डोक्यावरचे फ्लॅप, म्हणजे मास्कच्या कप्प्यांची झाकणं, आपोआप उघडतात आणि मास्क खाली पडतात. पायलट कॉकपिटमधल्या स्विचनेही ते उघडू शकतात. धूर झाला तर मात्र हे मास्क वापरायचे नसतात, कारण त्यात आजूबाजूची केबिनचीच हवा मिसळते, धूर तसाच नाकात जातो आणि आगीला ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच.

आता वेळेचं गणित. 35,000 फुटांवर दाब गेला तर तुमच्याकडे 30 ते 60 सेकंद असतात, 40,000 ला 15 ते 20, आणि दाब एका झटक्यात गेला तर त्याच्याही साधारण निम्मे. हे सेकंद बेशुद्ध पडेपर्यंतचे नाहीत बरं का, डोकं ठिकाणावर असेपर्यंतचे आहेत. त्यानंतरही माणूस जागा असतो, डोळे उघडे असतात, समोर मास्क लोंबकळताना दिसतो, पण हात तिकडे जात नाही. आणि गुदमरल्यासारखं होईल याची वाट बघू नका, तसं होतच नाही. जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो तर प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर पडतच असतो, त्यामुळे काही जणांना उलट हलकं हलकं, मजेत वाटतं. "मला त्रास झाला की लावेन" म्हणणाऱ्या माणसाला त्रास होतोय हे कळणारच नाही.

पायरी 1 : तोंड उघडं ठेवा, श्वास कोंडू नका

दाब झटक्यात गेला तर मोठा आवाज होईल, कान दुखतील, थंडी वाजेल आणि केबिनभर पांढरं धुकं पसरेल. ते धुकं म्हणजे गार पडलेल्या हवेतली वाफ आहे, आग नाही. छातीतली हवा फुगते, ती बाहेर जाऊ द्या. बस्स.

पायरी 2 : ओढा

इथे मी थांबणार आहे, कारण इथेच माझं स्वतःचं चुकलं होतं.

ट्रेनिंगमध्ये मॉक-अप केबिन असते, म्हणजे विमानाचा कापलेला तुकडाच, खऱ्या सीट, खरे पॅनल. इन्स्ट्रक्टर सरांनी फ्लॅप उघडला, पिवळे मास्क धाडकन खाली आले, मी चपळाईने सीटवरून थोडी उठले, मास्कला तोंड भिडवलं, इलॅस्टिक डोक्यामागे घातलं, दोन्ही बाजूंनी घट्ट केलं आणि सरांकडे बघितलं. मला वाटलं वर्गात सगळ्यात आधी माझं झालं. सर काही बोलले नाहीत, नुसतं बोट वर केलं. माझ्या मास्कची नळी आणि तिच्याजवळची बारीक दोरी दोन्ही सैल लोंबत होत्या, आणि वर पॅनलमध्ये पिन जागच्या जागी. "तुझा मास्क अजून सुरू झालेला नाही," ते म्हणाले, "आणि एव्हाना तुला ते कळण्याची शुद्धही नाही." त्या दिवसानंतर मी हे विसरले नाही.

होतं काय, तर बहुतेक विमानांत तुमच्या डोक्यावर सिलेंडर नसतोच. एक लहानसा धातूचा डबा असतो, त्यात सोडियम क्लोरेट आणि थोडी लोखंडाची पूड असते. मास्क ओढला की दोरी पिन खेचते, पिन निघाली की आतला खटका आपटतो, रसायन तापतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटायला लागतो. मागे उरतं ते मुख्यतः साधं मीठ. पिन निघाली नाही तर काहीच होत नाही, मास्क म्हणजे मग नुसता प्लास्टिकचा पेला. बोइंग 787 सारख्या विमानात डब्याऐवजी छोट्या बाटल्यांमध्ये दाबाखाली भरलेला ऑक्सिजन असतो, पण तिथेही सुरू करायला ओढावंच लागतं. कुठलं विमान, कुठली सिस्टीम याचा विचार करत बसू नका, सगळीकडे ओढा.

कसं ओढायचं? सीटला पाठ टेकून बसा, पेल्याला हात घालून तो सरळ आपल्या तोंडाकडे खेचा, नळी ताणली जाईपर्यंत, एक हिसका बसल्यासारखं जाणवेपर्यंत. उठून मास्कपर्यंत जायचं नाही, मास्क आपल्याकडे आणायचा. लोक हळूच ओढतात कारण त्यांना वाटतं तुटेल, नळी निघून येईल. नाही तुटत हो, ते ओढण्यासाठीच बनवलंय. एका डब्याला त्या बाजूच्या तीन-चार सीटचे मास्क जोडलेले असतात आणि बऱ्याच विमानांत एकाने ओढलं की सगळ्यांचा सुरू होतो, पण शेजाऱ्याने ओढला असेल या भरवशावर बसू नका.

लोकांना हे कळत नाही याला आमचा डेमोही, म्हणजे उड्डाणाआधी क्रू करून दाखवतो तो, जबाबदार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डेमोचा मास्क वर कशालाच जोडलेला नसतो, नळीचा तुकडा हातात धरून क्रू हवेतल्या हवेत जरासा खाली ओढतो, त्यामुळे बघणाऱ्याला ते नाचातल्या हस्तमुद्रेसारखं वाटतं, त्या ओढण्याने काही सुरू होतं हे समजतच नाही. शिवाय घोषणा हिंदी-इंग्रजीत, भराभर. एकदा नागपूरच्या फ्लाइटला एक आजी पहिल्यांदाच विमानात बसलेल्या, डेमो झाल्यावर मला हाक मारून म्हणाल्या, "बाळा, ते पिवळं तू उगाच खाली-वर का करत होतीस गं?" मी त्यांच्याशेजारी वाकून बसले, माझी ओढणी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आजी, विहिरीचा दोर असतो ना, खेचल्याशिवाय पाणी येत नाही, तसं हे." त्यांनी ओढणी अशी खेचली की माझा तोल गेला. त्यांना पुन्हा सांगायची गरज नव्हती. आईवडिलांना विमानात बसवून देताना तुम्ही बोर्डिंग पास, वेब चेक-इन सगळं समजावता, त्यात हे एक वाक्य मराठीत घाला.

"ओढला की संपायला लागतो, म्हणून गरज पडेपर्यंत ओढू नका" असाही सल्ला मी ऐकलाय. इतका घातक सल्ला दुसरा नाही. डबा चालू झाला की बंद करता येत नाही हे खरं, तो साधारण 12 मिनिटं चालतो, काही विमानांत जास्त, पण तेवढ्या वेळात विमान खाली येणार असतं आणि तुम्हाला गरज आहे ती आत्ता, पहिल्या मिनिटात.

फ्लॅप उघडलाच नाही तर क्रूला किंवा शेजाऱ्याला सांगा. तो उघडायला क्रूकडे एक पिनसारखं टूल असतं, पॅनलच्या बारीक भोकात घालून दाबलं की उघडतो.

पायरी 3 : नाक आणि तोंड, दोन्ही आत

17 एप्रिल 2018 ला न्यूयॉर्कहून डॅलसला निघालेल्या विमानाचं इंजिन हवेत फुटलं आणि एक खिडकी गेली. त्या केबिनमधले फोटो जगभर फिरले, त्यात कितीतरी जणांनी मास्क फक्त तोंडाला लावलेला, नाक बाहेर. पेला गोल असल्याने तोंडावरच बसेल असं वाटतं, पण तो नाकाच्या वरच्या हाडापर्यंत गेला पाहिजे. सर्जिकल मास्क किंवा स्कार्फ असेल तर आधी खाली करा. दाढी असेल तर हाताने दाबून धरा.

पायरी 4 : पिशवीकडे बघून मास्क काढू नका

नळीजवळची प्लास्टिकची पिशवी फुगत नाही म्हणून लोक मास्क काढून दुसरा शोधतात. कोविडमध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी हॉस्पिटलचा पिशवीवाला मास्क घरच्याच कोणाच्या तरी तोंडावर पाहिलाय, तिथे पिशवी सतत फुगलेलीच हवी असते कारण मिनिटाला 10-15 लिटर ऑक्सिजन सोडलेला असतो, आणि तेच डोक्यात बसलंय. विमानात प्रवाह खूप कमी असतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हा पिशवीत थोडा ऑक्सिजन जमतो, घेता तेव्हा आधी तो आत जातो आणि उरलेला श्वास पेल्यावरच्या झडपेतून केबिनच्या हवेने भरतो. धापा टाकत असाल तर पिशवी फुगायला वेळच मिळत नाही. तेव्हा पिशवी सपाट दिसली तर एकच करायचं, नळी धरून पुन्हा एकदा खेचायची, आणि मास्क तोंडावरच ठेवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

पायरी 5 : आता मूल

तुमचा लागला की लगेच मुलाचा. आईला हे पटत नाही, मलाही आई झाल्यावर ऐकताना पोटात तुटतं, पण सेकंदांचं गणित पुन्हा बघा : रडणाऱ्या, हात झटकणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला मास्क लावताना तुमची शुद्ध हरपली तर तुम्हा दोघांना मास्क लावणारं कोणी नाही. पोर ऐकत नसेल तर त्याची पाठ आपल्या छातीला टेकवा, एका हाताने कवळा आणि दुसऱ्या हाताने पेला तोंडावर दाबून धरा, इलॅस्टिकच्या नादी लागू नका. मांडीवरच्या बाळासाठी जादा मास्क असतो, पण एका बाजूच्या सीटना मिळून एकच जादा असतो. म्हणूनच दोन तान्ही बाळं एकाच बाजूला बसू देत नाहीत, क्रूने जागा बदलायला सांगितलं तर वाद घालू नका.

पायरी 6 : बसून राहा

विमान नाक खाली करून सुसाट उतरायला लागेल, पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे हवेला अडवणाऱ्या पट्ट्या, उघडल्याने खडखड होईल, आणि पायलट एक शब्द बोलणार नाहीत. विमान पडतंय असं वाटेल. पडत नसतं, 10,000 फुटांपर्यंत शक्य तितक्या लवकर आणायचं असतं, त्याला काही मिनिटं लागतात. पायलटनी स्वतःचे मास्क लावलेले असतात, ते एका हाताने 5 सेकंदांत लागतील असे बनवलेले असतात. हिमालयावर मात्र लगेच इतकं खाली येता येत नाही. लेहची धावपट्टीच 10,682 फुटांवर आहे, म्हणून अशा मार्गांवर डोंगरांमधून निघायच्या वाटा आणि ऑक्सिजन किती लागेल हे आधीच आखून ठेवतात.

ती 12 मिनिटं विमान खाली येणार हे धरूनच दिलेली असतात. 14 ऑगस्ट 2005 ला सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑसच्या बोइंग 737 मध्ये प्रेशरायझेशनचा, म्हणजे केबिनमधला दाब सांभाळणारा, नॉब ऑटोऐवजी मॅन्युअलवर राहिला होता. दाबाचा इशारा वाजला, पण तोच भोंगा टेकऑफच्या दुसऱ्या एका इशाऱ्यासाठीही असतो, पायलटना तो तोच वाटला, विमान चढत राहिलं आणि ते बेशुद्ध पडले. मागे प्रवाशांचे मास्क पडले होते, डबे चालले आणि संपले, विमान वरच. 121 माणसं गेली. आपल्याकडे सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानातही दाबाचा स्विच राहिला होता, मास्क पडले, तीसेक जणांच्या नाका-कानातून रक्त आलं, पण विमान लगेच मुंबईला परतलं.

पायरी 7 : विमान खाली आल्यावर

क्रू सांगेपर्यंत मास्क काढू नका. जळका वास येईल, तो वरच्या तापलेल्या डब्याचा. डबा बाहेरून 260 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, म्हणून मास्क परत आत कोंबायला जाऊ नका, पोरांना वर हात घालू देऊ नका, लोंबकळू दे तसेच. हे डबे किती जपून हाताळावे लागतात ते 11 मे 1996 ला फ्लोरिडात कळलं, मुदत संपलेले असे डबे पिनवर सेफ्टी कॅप न लावता मालाच्या कप्प्यात ठेवले होते, आग लागली आणि 110 जण गेले.

कान दुखत असेल, रक्त आलं असेल, चक्कर येत असेल तर हात वर करून क्रूला दाखवा, त्यांच्याकडे हातात धरून न्यायच्या छोट्या ऑक्सिजनच्या बाटल्या असतात आणि ते एकेक रांग बघत येतच असतात. आदल्या दिवशी मालवणला किंवा गोव्याला स्कूबा, म्हणजे समुद्रात खोल डायव्हिंग, करून आला असाल तर तेही सांगा, सांधे दुखत नसले तरी, कारण डायव्हिंगनंतर लगेच दाब कमी झाला की अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो.