पडवीतली कोकण रेल्वे: मॉडेल लेआउट कसा बांधावा, आणि जोडीदार कसे शोधावे

मॉडेल रेल्वेची पुस्तकं बहुतेक कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेली. त्यांतला पहिला सल्ला ठरलेला असतो: आठ बाय चारचा प्लाय आणा, त्यावर लंबगोल रूळ टाका, मधे डोंगर करा. कोकणात हा सल्ला बाजूला ठेवा. तेवढा मोठा फळा माजघराच्या दारातून वळत नाही, भिंतीला लावला तर पलीकडे हात पोचत नाही, आणि जूनमध्ये त्याच भिंतीला ओल धरली की तो हलवायचा कुठे हा प्रश्न पडतो. शिवाय तो एकट्याचाच राहतो. शेजारच्या गावातल्या कुणी असाच लेआउट केला असेल, तर दोन लंबगोल एकमेकांना जोडता येत नाहीत.

म्हणून सुरुवातीपासून तुकड्यांत बांधा. एकट्याने उचलता येईल आणि दुसऱ्याच्या तुकड्याला जोडता येईल असा तुकडा. मॉडेलवाले त्याला मॉड्यूल म्हणतात. पाऊस आला की गुंडाळायला सोपं, माणसं भेटली की जोडायला सोपं.

आधी माप ठरवा

भारतात विकत मिळणारं सामान मुख्यतः दोन मापांचं असतं. एचओ म्हणजे १:८७, त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. ब्रिटिश कंपन्यांचं ओओ १:७६ चं असलं तरी रूळ तेच १६.५ मिमीचे, त्यामुळे एचओच्या रुळांवर ते चालतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. १:८७ ने भागला तर १९ मिमीच्या थोडा वर जातो, म्हणजे विकतच्या रुळावर आपली गाडी किंचित अरुंद पायांवर उभी राहते. हे मनाला लावून घेऊ नये. १९ मिमीचे रूळ आणि चाकं हाताने करण्याच्या नादात एकही गाडी न चालवता वर्षं निघून जातात.

माझं मत एचओच्या बाजूने. एन जागा कमी खातं हे खरं, पण खाऱ्या हवेत चाकांवर आणि रुळांवर जो काळा थर बसतो त्याचा त्रास हलक्या, छोट्या इंजिनाला जास्त होतो.

काळही आताच ठरवा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला आणि विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मधला काळ डिझेलचा. तो निवडलात तर ओव्हरहेड वायर, खांब, ब्रॅकेट सगळं वाचतं. पहिल्या लेआउटला हा मोठा दिलासा आहे.

आपली लाइन मॉडेलला का सोयीची

रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, ७४१ किमी. चढ १५० ला १ पेक्षा तीव्र नाही आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली नाही. १:८७ ने ही त्रिज्या १४.४ मीटर होते. पूर्ण अर्धवर्तुळ करायचं तर जवळजवळ २९ मीटर रुंद खळं लागेल. लंबगोल फळ्यावर आपण ४५ सेंमी त्रिज्येत गाडी वळवतो तेव्हा ती कोकण रेल्वे दिसत नाही, जत्रेतली दिसते.

हेच गणित उलटं करून पाहा. भिंतीलगत ४.८ मीटर लांब, अरुंद फळी असेल, तर त्या संपूर्ण लांबीत १४.४ मीटर त्रिज्येचा बाक जेमतेम २० सेंमीचा. म्हणजे ४५ सेंमी रुंदीच्या फळीवर खऱ्या मापाचं वळण बसतं. लांब, अरुंद लेआउट ही जागेची तडजोड वाटते, पण या लाइनसाठी तोच जास्त खरा.

बोगदे तर आयते आहेत. गाडी बोगद्यातून येते, पूल ओलांडते, क्रॉसिंगला थांबते, पुन्हा बोगद्यात जाते. डोंगराच्या पोटात काय आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही, त्यामुळे आत उभी असलेली गाडी मुंबईला गेली असं समजायचं. करबुड्याचा बोगदा साडेसहा किमीचा, तुमचा सव्वा मीटरचा असला तरी हरकत नाही. पानवलचा पूल मात्र मापात करायला जाऊ नका. ६४ मीटर उंची १:८७ ने ७४ सेंमी होते. नदी जमिनीवरून वाहवावी लागेल.

सुतारकाम

मरीन प्लाय घ्या, १२ मिमी, आयएस ७१० चा शिक्का बघून. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण एका पावसात फुगतो. प्लायच्या दुकानातच पूर्ण शीट कापून घ्या: लांबीत मधोमध, म्हणजे १२२ सेंमीचे दोन भाग, आणि प्रत्येक भागाचे ४५, ४५ आणि ३२ सेंमीचे तुकडे. ४५ चे चार तुकडे म्हणजे चार मॉड्यूलचे माथे. ३२ चे दोन तुकडे उभे चार-चार पट्ट्यांत कापले की साधारण साडेसात सेंमीच्या आठ पट्ट्या मिळतात, त्या चारही पेट्यांच्या लांब बाजू. आडव्या पट्ट्यांपुरतं लाकूड वेगळं आणायचं.

प्लायच्या कडा उघड्या ठेवू नका. ओल तिथूनच शिरते. प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात, खालच्या बाजूलाही. पाय सुटे ठेवा, तळाला फिरवून उंची जुळवता येईल असे बोल्ट लावा आणि प्रत्येक पायाखाली टाइलचा तुकडा. वाळवीची माती पांढऱ्या टाइलवर लगेच दिसते. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडा.

चार तुकड्यांचा आराखडा असा: पहिल्यावर डोंगर आणि त्याच्या आत लपलेले दोन रूळ, दुसऱ्या-तिसऱ्यावर लूप लाइनचं (गाडी बाजूला उभी करायच्या जादा रुळाचं) स्टेशन, चौथ्यावर पूल. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा प्रवासी डबा एचओत साधारण साडेसत्तावीस सेंमीचा, त्यामुळे इंजिन आणि तीन डबे मिळून १०७ सेंमी. डोंगराच्या आत एवढी गाडी मावते. डोंगराची मागची बाजू उघडी ठेवा. गाडी रुळांवरून घसरते ती नेहमी बोगद्यातच, आणि तिथे हात गेला पाहिजे. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे पॉइंट, कधीही दोन मॉड्यूलच्या जोडावर आणू नका.

रूळ आणि वायरिंग

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. स्टीलचे रूळ स्वस्त सेटमध्ये येतात आणि समुद्राजवळच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. पितळेवरचा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हरही काळा पडतो, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला की भागतं. पॉलिशपेपरने घासू नका, ओरखड्यांत घाण आणखी बसते.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी भरवसा ठेवू नका, त्या आतून गंजतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करून खालच्या दोन जाड वायरींना जोडा. काम कंटाळवाणं आहे, पण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते. दोन रुळांच्या मधे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं.

एचओला १२ व्होल्ट डीसी पुरतो, तोही तयार कंट्रोलरमधूनच. घरातली २३० व्होल्टची लाइन फळीपर्यंत येता कामा नये. वीज कडकडायला लागली की प्लग काढा.

टोकाला गाडी खाली पडू नये यासाठी एक स्वस्त युक्ती: टोकापासून साधारण ४० सेंमीवर एका रुळाला काप द्या आणि कापावर १एन४००७ हा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, डायोड सोल्डर करा. इंजिन त्या भागात शिरलं की आपोआप थांबतं, कंट्रोलरची दिशा उलटी केली की मागे येतं. डायोड उलटा लागला तर इंजिन थांबणार नाही, तेव्हा पहिली चाचणी हात खाली धरून करा. घरात पोरं आणि पाहुणे असतील तर हे करायलाच हवं.

देखावा: परसातलं सामान, पण तपासून

जांभ्याची घळ करायला फोमचे ठोकळे कोरा, वर पुट्टी आणि गेरूसारखा रंग. घळीवरची दरड अडवणारी जाळी म्हणजे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. काथ्या कापून रंगवला की गवत होतं, माडाच्या झापाचे हीर म्हणजे कुंपणाचे खांब, भुसा रंगवून चहाच्या गाळणीतून चाळला की झाडांची पानं. माड मात्र खुजे करू नका. वीस मीटरचा माड एचओत २३ सेंमीचा असतो, आणि गाडीच्या कितीतरी वर गेलेले माड दिसले की पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही हे कुठलं आहे.

खडीसाठी माप बघा. खरी खडी ६५ मिमीपर्यंतची, म्हणजे मॉडेलवर पाऊण मिलिमीटर. दगडाची भुकटी चाळून घ्या. समुद्राची वाळू वापरू नका, ती धुतल्यावरही मीठ धरून ठेवते आणि हवेतलं पाणी ओढते. रत्नागिरीच्या काळबादेवीकडच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट हे लोह असलेलं खनिज असतं. जांभ्याच्या भुकटीतही लोहाचे कण असतात. असं काहीही फळीवर पसरण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. जे चिकटतं ते उद्या मोटरच्या चुंबकाला चिकटणार आहे.

खडी पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवतात, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला की ते खोल झिरपतं. हे काम दिवाळीनंतर करा. पावसात ते चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी धरतं. स्प्रेचा रंगही दमट हवेत पांढरट पडतो. पावसाळ्यात घरात बसून डबे जोडा. रोरोचे, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीचे, सपाट वॅगन हाताने करायला सगळ्यात सोपे, वर ट्रक ठेवले की आपल्याकडची १९९९ पासूनची मालगाडी तयार.

माणसं कुठे असतात

मोठं संग्रहालय बघायचं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. पण रोजचे जोडीदार जवळ लागतात, आणि ते स्वतःला मॉडेलवाले म्हणवत नाहीत.

पहिली जागा तुमचाच गणपती. दोन मॉड्यूल मखरासमोर मांडा आणि गाडी पुढे-मागे चालू ठेवा. आरतीला अख्खी वाडी येते. बहुतेक जण "ह्यां खराच चालता काय?" विचारून प्रसाद घेऊन जातात. एखादा मात्र खाली वाकून फळीच्या पोटातली वायर बघतो. त्याचा नंबर घ्या. चाकरमानीही याच दिवसांत येतात. मुंबईच्या दुकानातून रूळ आणायचे असतील तर मे महिन्यात कोण येणार हे आताच विचारून ठेवा.

दुसरी जागा स्टेशन. फलाटाच्या टोकाला उभा राहून इंजिनाचा नंबर टिपणारा मुलगा दिसला की "शेड कुठलं?" (म्हणजे इंजिन कुठल्या देखभाल-शेडचं) एवढं विचारा, गप्पा आपोआप सुरू होतात. फोटो काढायचे असतील तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. रुळांवर मात्र उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. निवृत्त स्टेशन मास्तर किंवा ट्रॅकमन भेटला तर नशीबच. एकेरी लाइनवर कुठली गाडी लूपला घ्यायची हे त्यांच्याइतकं कुणी समजावत नाही.

तिसरी जागा कारागिरांची. पेणचे मूर्तिकार, सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी खेळणीवाले, गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. यांना रेल्वेचं वेड नसलं तरी रंग, लेथ आणि सोल्डरिंग येतं. मूर्तिकारांकडे श्रावणात जाऊ नका, विसर्जनानंतर जा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर थ्रीडी प्रिंटर आणि उत्साही पोरं दोन्ही एकाच खोलीत मिळतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय किंवा सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर अशा ठिकाणी परवानगी घेऊन फलकावर चिठ्ठी लावा. चिठ्ठीत लेआउटचा फोटो हवाच, नुसत्या शब्दांवरून लोकांना खेळण्याचं दुकान वाटतं.

एकत्र जोडायचं असेल तर

तिघं-चौघं जमले की कुणी सुतारकाम सुरू करण्याआधी नियम कागदावर लिहा. मी सुचवतो ते असे. बघणारा नेहमी समुद्राच्या बाजूला उभा, त्यामुळे मुंबई डावीकडे आणि गोवा उजवीकडे. समुद्राकडच्या रुळाची वायर लाल, सह्याद्रीकडची काळी, यात कधीही बदल नाही. जोडाच्या दोन्ही टोकांना रूळ फळीच्या बरोबर मध्यावर, जमिनीपासून रुळाच्या माथ्यापर्यंत एक मीटर. रूळ कडेपासून ५ सेंमी आधी थांबवायचा आणि जोडताना मधे १० सेंमीचा सुटा तुकडा बसवायचा. फळ्या दोन बोल्ट आणि विंग नटांनी आवळायच्या, भोकं सगळ्यांनी एकाच पत्र्याच्या साच्यावरून पाडायची.

मग प्रत्येकाने आपापलं स्टेशन घ्यावं. एकाचं उक्षी, एकाचं विलवडे, एकाचं झाराप. मोठ्या स्टेशनांवरून भांडणं होतात, म्हणून रत्नागिरी आणि कुडाळ चिठ्ठ्या टाकून वाटा. जोडणीच्या दिवशी एकाने फक्त कंट्रोलर सांभाळायचा, बाकीच्यांनी आपापल्या स्टेशनचे मास्तर व्हायचं आणि पुढचा मास्तर "लाइन क्लिअर" म्हणेपर्यंत गाडी सोडायची नाही. सावंतवाडी पॅसेंजर लूपला घालून मांडवी एक्स्प्रेस पुढे काढायला जमलं की दुपार कशी गेली कळत नाही.

मे महिन्याचा शेवटचा रविवार आवराआवरीचा. इंजिनं आणि डबे सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, मॉड्यूल दोन-दोन समोरासमोर बांधून पलंगाखाली. पोटमाळ्यावर नको, तिथे उंदीर वायरी कुरतडतात. डब्यांच्या तळाला ज्याच्या त्याच्या नावाचं स्टिकर जोडणीच्या सकाळीच लावून घ्या, संध्याकाळी निळे डबे सगळ्यांचे सारखेच दिसतात.