आर्टिकुनो पकडायला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी ऑटोसेव्ह बंद करा. ‘पोकेमॉन स्वॉर्ड’ खेळत असा नाहीतर ‘शील्ड’, ऑप्शन्समध्ये जाऊन ते बटण ‘ऑफ’ केल्याशिवाय क्राऊन टुंड्रा या गेमच्या जादा भागातल्या बर्फात पाऊल टाकू नका. गॅलर या प्रदेशातला आर्टिकुनो, म्हणजे आपल्याला पकडायचा तो दुर्मिळ पक्षी-पोकेमॉन, एका सेव्हमध्ये एकच मिळतो. लढाई बिघडली तर त्याला पुन्हा हुडकत फिरण्यापेक्षा जुना सेव्ह उघडणं केव्हाही परवडतं.

मग पिओनी या गेममधल्या पात्राकडून क्लू घेऊन डायना ट्री हिलवर जाऊन या. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या या एक्स्पान्शनमधले तिन्ही पक्षी पहिल्यांदा तिथेच दिसतात, झाडावरून भांडतात आणि तीन दिशांना उडून जातात. झॅपडॉस वाइल्ड एरियात पळतो, मोल्ट्रेस आयल ऑफ आर्मरवर घिरट्या घालतो, आर्टिकुनो टुंड्रातच राहतो. हा सीन पाहिल्याशिवाय बाकीची तयारी करून काही उपयोग नाही. आणि कांटो या जुन्या गेममधल्या प्रदेशातला निळा, बर्फाळ, जुना आर्टिकुनो हवा असेल तर तुम्ही चुकीच्या डोंगरावर आलात. तो डायनामॅक्स ॲडव्हेंचर्स या टुंड्रातल्या गुहेतल्या मोहिमांमध्ये मिळतो, आणि तिथे शेवटचा बॉल कधी फसत नाही. इथला जांभळा पक्षी सायकिक आणि फ्लाइंग आहे, लेव्हल ७०चा आहे, आणि त्याचा कॅच रेट, म्हणजे तो किती सहज पकडला जातो याचा आकडा, ३ आहे. ३ म्हणजे तळ. याहून खाली काही नाही.

आता टीम. खरं तर टीम कसली, एकच गडी धड तयार करा. बरेचजण डोळे झाकून गॅलेड हा पोकेमॉन नेतात, कारण त्याला फॉल्स स्वाइप (समोरच्याला न मारता जखमी करणारा मूव्ह) येतो आणि झोपवताही येतं. पण गॅलेड निम्मा फायटिंग टाइपचा, त्यामुळे पक्ष्याचा फ्लाइंग मूव्ह त्याला दुप्पट लागतो. माझं मत बिशार्पला. तो डार्क आणि स्टील. सायकिक मूव्ह त्याच्या अंगाला चिकटतसुद्धा नाही, म्हणून आर्टिकुनोचा खास फ्रीझिंग ग्लेअर, जो एरवी समोरच्याला गोठवूही शकतो, त्याच्यापुढे पाण्यात जातो. फ्लाइंगचा मारही निम्माच बसतो. त्याची लेव्हल ८०च्या आसपास असू द्या, हातात लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा जीव भरून देणारी वस्तू) द्या, टीएम (मूव्ह शिकवणारी डिस्क) ९४ने फॉल्स स्वाइप शिकवा आणि टीएम १४ने थंडर वेव्ह. फॉल्स स्वाइप कितीही वेळा मारलात तरी समोरच्याचा १ एचपी (जीवाचा अंक) शिल्लक ठेवतो, त्यामुळे हात आखडता घ्यायची गरज नाही.

टीममधून कोणाला काढायचं, हे लोक हमखास विसरतात. इन्टिमिडेट, म्हणजे मैदानात येताच समोरच्याचा अटॅक उतरवणारी ॲबिलिटी, असलेला पोकेमॉन पुढे ठेवू नका. मीही ठेवला होता, ग्यारॅडोस, आणि वर स्वतःला हुशार समजत होतो. आर्टिकुनोची ॲबिलिटी कॉम्पिटिटिव्ह आहे. तुम्ही त्याचा कोणताही स्टॅट उतरवलात की त्याचा स्पेशल अटॅक दोन पायऱ्या चढतो. म्हणजे मैदानात उतरल्या उतरल्या आपणच त्याला पेटवून दिला. पुढच्या दोन टर्नमध्ये ग्यारॅडोस आडवा आणि त्याच्या मागचाही आडवा. विष आणि बर्न यांनाही घरीच ठेवा. १ एचपीवर आणलेला पक्षी टर्नच्या शेवटी त्यानेच मरतो.

बॉल किती न्यायचे याचा मी एकदा हिशोब मांडला. पक्षी १ एचपीवर आणि पॅरालाइज झालेला असेल, तर एका अल्ट्रा बॉलने तो सापडण्याची शक्यता साधारण ८ टक्के. रात्रीच्या वेळी डस्क बॉलने ११. दहा टर्न उलटून गेल्यावर टायमर बॉलने १४ टक्क्यांच्या जवळपास, आणि त्याच वेळी तो झोपलेला असेल तर २०. झोपेचे आकडे गोड वाटतात, पण झोप दोन-तीन टर्नमध्ये उडते आणि पुन्हा झोपवण्यात टर्न जातात. पॅरालिसिस लढाई संपेपर्यंत हटत नाही. मी पॅरालिसिसवरच भागवतो. १४ टक्क्यांच्या हिशोबाने पंधरा टायमर बॉलमध्ये काम होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, तिसांमध्ये ९९. म्हणून तीस घ्या. एक क्विक बॉलही ठेवा आणि पहिल्याच टर्नला फेका. लागण्याची शक्यता ५ टक्केच, पण वाट बघण्याचे दहा टर्न तसेही काढायचेच आहेत. कधीच न चुकणारा मास्टर बॉल असेल तर वापरा, मात्र मग ही यादी वाचायची गरजच नव्हती.

औषधांची पिशवी भरलेली असू द्या. फुल रिस्टोअर दहा-बारा पुरतात. लढाई फार लांबवूही नका. त्याच्या मूव्हचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येतो तो आकडा) संपले की तो स्ट्रगल करतो, आणि १ एचपीवर स्ट्रगल केला तर स्वतःच्याच माराने कोसळतो.

हवामान शेवटी बघायचं, पण बघायचंच. टुंड्रात बर्फ पडत असेल तर लढाईतही गारा सुरू होतात, आणि हा आर्टिकुनो आईस टाइपचा नाही. नावावरून, चेहऱ्यावरून सगळ्यांना तो गारांना दाद न देणारा वाटतो. मलाही वाटला होता. फॉल्स स्वाइप बसला, एचपीची पट्टी लाल रेघेएवढी उरली, पुढच्या टर्नला बॉल टाकायचा म्हणून मी सरसावून बसलो, आणि टर्नच्या शेवटी एक गार त्याला लागली. हातातोंडाशी आलेला घास गेला. आकाश निवळलेलं असेल तेव्हाच त्याच्या वाटेला जा. मॅपवर प्रत्येक भागाचं हवामान दिसतं.

पाठलागाची तयारी फारशी नाही. जवळ गेलात की तो आपल्या नकला उभ्या करतो आणि तिघे गोल फिरू लागतात. चुकीच्याला धडकलात तर सगळेच नाहीसे होतात. धावू नका, क्षणभर थांबा. खऱ्याची हालचाल नकलांपेक्षा वेगळी असते. तिथे हाताने एक सेव्ह करा आणि मगच पुढे व्हा.

शायनीसाठी (दुर्मिळ वेगळ्या रंगाच्या पोकेमॉनसाठी) पुन्हा पुन्हा रिसेट करत बसू नका. हे तिन्ही पक्षी जंगलात शायनी मिळतच नाहीत. नेचर (कोणता स्टॅट जास्त, कोणता कमी हे ठरवणारा स्वभाव) मनासारखा आला नाही तर त्याचा परिणाम बदलणाऱ्या मिंट आहेत. तीन आयव्ही (जन्मजात स्टॅटचे आकडे) पूर्ण असतातच.

बॉल तीनदा हलून ‘क्लिक’ झाला की नाचून घ्या आणि लगेच सेव्ह करा. ऑटोसेव्ह आपण बंद केलंय, लक्षात आहे ना? त्यानंतर बिशार्पला मोल्ट्रेसकडेही नेता येतं, कारण तिथले डार्क आणि फ्लाइंग दोन्ही मार त्याला निम्मेच लागतात. झॅपडॉसकडे जाताना मात्र त्याला बॉक्समध्ये ठेवा. तो पक्षी फायटिंग आहे, त्याची लाथ बिशार्पला चौपट बसते.