जुन्या बंगल्याला नवा भाग जोडताय? या चुका टाळा

वांद्र्याच्या गावठाणातलं कौलारू घर कुटुंबाला अपुरं पडतं, मागे आरसीसीत स्वयंपाकघर आणि दोन खोल्या काढायचं ठरतं. आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते: नव्या बीमच्या सळ्या जुन्या भिंतीत घुसवतात. म्हणे पक्कं होईल! चुन्यातली जुनी भिंत खचायची तेवढी कधीच खचून बसलेली असते. नवा पाया मात्र पहिले एक-दोन पावसाळे बसतच असतो. दोन्ही बांधलेली असली की तो जुन्या भिंतीला ओढतो. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. कॉन्ट्रॅक्टर पुट्टी भरतो, पुढच्या पावसाळ्यात भेग पुन्हा हजर.

दोन्हींमध्ये 25 मिमीचा सांधा मोकळा ठेवाच. नवे कॉलम जुन्या भिंतीपासून निदान मीटरभर लांब घ्या, पुढचा स्लॅब कँटिलिव्हर, म्हणजे खाली आधार न देता पुढे झुकता, काढा. जुन्या पायाला लागून त्याच्याहून खोल, सलग चर खणू नका. सांधा झाकणारा पत्रा फक्त नव्या भिंतीत खाच पाडून बसवा. दोन्हीकडे स्क्रू मारणारे नंतर गळतीसाठी कौलांना दोष देतात.

जुनं छप्पर नव्या भिंतीला भिडतं तिथे सहा इंची पन्हळ टाकणं म्हणजे निव्वळ कंजुषी. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी 944 मिमी पाऊस पडला होता. पन्हळ बारा इंच रुंद, उतार 100 ला 1, आणि तुंबली तर पाणी बाहेर फेकणारा वेगळा पाइप. पन्हळीत पाऊल मावलं नाही तर पाला काढणार कोण? जोडणारा भाग बुटका, वळचणीखाली ठेवला तर ही भानगडच नाही; पण उंच छताचा हट्ट सुटत नाही.

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर सुकते. सिमेंटने वाट बुजवली की वर चढते, गिलाव्याच्या कडेवर लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो, भिंतीत टेकलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू. सुकायला वेळ लागतो, घाई असेल तर हे काम काढूच नका.

नव्या खिडक्यांना नकली कमानी नकोत. घर वारसा यादीत कुठल्या श्रेणीत आहे, हे नकाशाआधी पालिकेत बघा. उतरवलेली मंगलोरी कौलं भंगारात देऊ नका, दुरुस्तीला तीच लागतील. वेगळ्या छापाची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत.