कर्दळ-सोनटक्क्याचा वाफा वाढवताना

वाफा दाटला की फुलं कमी होतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतर कंद उकरा, धारदार कोयत्याने तोडा. प्रत्येक तुकड्याला २-३ डोळे हवेत. काप दिवसभर सावलीत सुकू द्या. तोवर जुन्या वाफ्यालगत २ फूट रुंद पट्टा फूटभर खणा, जांभ्याचे खडे वेचा, कुजलेलं शेणखत मिसळा (ताजं शेण नको, वाळवी धरते). कर्दळीला ओल आवडते खरी, पण ताज्या कापाला साचलेलं पाणी सोसत नाही. गोव्याचा जुलै आठवा आणि माती ६ इंच उंच ठेवा. लागवड ३ इंच खोल, दीड फुटावर.

अबोली लावणार असाल, तर वांग्यांची जुनी जागा टाळा. तिथले सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक जंत) मुळांना गाठी आणतात.