दहावीच्या सुट्टीत काम हवंय? मग आईला घरी ठेवून या

दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास कुणाची तरी आई माझ्या स्टॉलवर येते. "ताई, आमच्या चिरंजीवांना ठेवून घ्या ना, दिवसभर मोबाईल घेऊन लोळत असतो." चिरंजीव दोन पावलं मागे, नजर चपलांवर. अशाला मी ठेवत नाही. ज्याला स्वतःसाठी काम मागता येत नाही, तो गिऱ्हाइकाला डझनाचा भाव कसा सांगणार?

कोथरूडला मी एप्रिल-मेमध्ये हापूस विकते आणि दर मोसमात दहावी-अकरावीची दोन पोरं मदतीला घेते. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

पहिलं म्हणजे, उशीर करू नका. दहावीचे पेपर मार्चमध्ये संपतात, मग पोरं आठवडाभर झोपतात, गावाला जाऊन येतात आणि एप्रिलअखेर काम शोधायला निघतात. आमची माणसं पाडव्यापर्यंत ठरलेली असतात. शेवटचा पेपर झाला की चार दिवसांत बाहेर पडा. सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा. नाव सांगा, किती दिवस येऊ शकता ते सांगा, आणि मध्ये मामेबहिणीचं लग्न असेल तर तेही तेव्हाच सांगा.

कुठे जायचं? उन्हाळ्यात ज्यांची धांदल असते तिथे. रोपवाटिकेत पावसाळ्याआधी पिशव्या भरायच्या असतात. उन्हाळी शिबिरांना लहान मुलं सांभाळणारे ताई-दादा लागतात. वाळवणं करणाऱ्या बायकांना पापड मोजायला, पाकिटं भरायला हात हवे असतात. मेअखेरीस वह्या-पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि सोसायटीतल्या आजी-आजोबांना मोबाईल शिकवणं हेही काम आहे. चिडचिड न करता तीच गोष्ट पाचव्यांदा सांगता येत असेल तर त्याचे पैसे मागायला लाजू नका.

आता आवडीचं. "तुला काय आवडतं?" असं विचारलं की पोरं गप्प होतात. म्हणून मी विचारते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तू कुठे होतास? स्टेजवर, पडद्यामागे, की वर्गणीची वही घेऊन? एका मुलीने सांगितलं, "मी पडदा ओढायचे." तिला मी गिऱ्हाइकासमोर उभं केलंच नाही. मागे आढीवर, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेल्या आंब्यांपाशी बसवलं. पेंढ्यातून आंबा उचलायचा, देठाशी वास घ्यायचा, आजचे, परवाचे आणि चार दिवसांनंतरचे वेगळे करायचे. पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा चोख निवड करायला लागली. साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, मात्र कुणालाच बाहेरून कळत नाही. गिऱ्हाईक कापलेली फोड घेऊन परत येतं, तेव्हा बदलून द्यायचा, वाद घालायचा नाही. तिच्या जोडीचा मुलगा अखंड बडबड्या. तो पुढे. त्याला आढीवर बसवला असता तर तिसऱ्या दिवशी पळाला असता, आणि सगळ्यांना सांगितलं असतं की आंब्याचं काम कंटाळवाणं असतं.

काही गोष्टींत मात्र आवड-निवड चालत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हात लावला तर गोष्ट वेगळी, तीही धोक्याचं काम नसेल तर. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. बाकी ठिकाणीही सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला सहा तास, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे लग्नात रात्री वाढप्याचं काम बाद. उसाच्या चरकाजवळही मी कुणाच्या पोराला उभं राहू देणार नाही, मग मालक कितीही ओळखीचा असो.

पैशाचं पहिल्या दिवशीच बोला. तासावर की रोजावर? दर शनिवारी की महिन्याने? मी सोळाची असताना एका दुकानात महिनाभर राबले आणि शेवटी मालकाने फुटलेल्या बरण्यांचे पैसे कापून उरलेले हातावर ठेवले. बरण्या मी फोडल्या नव्हत्या, पण आधी काहीच ठरलं नव्हतं, त्यामुळे बोलता येईना. तेव्हापासून मी पोरांना छोटी वही देते. आले किती वाजता, गेले किती वाजता, उचल किती. रोज माझी सही घ्यायची. दहा वर्षांपुढच्या मुलांचं स्वतःच्या नावाचं बचत खातं बँकेत निघतं, तेही काढून ठेवा.

पहिले तीन दिवस पाय दुखतील. चौथ्या दिवशीही सकाळी उठून यावंसं वाटत नसेल तर मला तोंडावर सांगा, फोन बंद करून गायब होऊ नका. मी दुसरं काम देईन किंवा पलीकडच्या रोपवाटिकेत विचारून बघीन.

आणि येताना टोपी आणा. वर ताडपत्री आहे, पण दुपारी तीननंतर ऊन बाजूने थेट गल्ल्यावर येतं.