वर्डप्रेसचा साइट एडिटर : मराठी संकेतस्थळाची शैली कोणत्या क्रमाने ठरवावी

वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीच्या ५.९ या आवृत्तीसोबत जानेवारी २०२२मध्ये साइट एडिटर, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळाचे रूप घडवण्याचे साधन, आला आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीने त्यात भर घातली. ६.२मध्ये सर्व घटकांची शैली एकत्र दाखवणारे स्टाइल बुक आले, ६.३मध्ये शैलीच्या जुन्या नोंदींकडे परतण्याची सोय झाली, एप्रिल २०२४मधील ६.५ने फॉन्ट लायब्ररी दिली आणि त्याच वर्षीच्या ६.६मुळे पानाच्या एखाद्याच भागाला निराळी शैली देता येऊ लागली. एवढे असूनही मराठी संकेतस्थळ उघडले की शीर्षकाची शिरोरेषा तुटलेली आणि दर पानावर अक्षरांचा आकार वेगळा, असे चित्र वारंवार दिसते. बहुतेक वेळा साधने पुरेशी असतात, पण ती उलट्या क्रमाने वापरलेली असतात.

येथून पुढे असे गृहीत धरले आहे की वर्डप्रेस अद्ययावत आहे, बॅकअप घेतलेला आहे आणि ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी एखादी ब्लॉक थीम, म्हणजे परिच्छेद, शीर्षक, चित्र अशा ‘ब्लॉक’ नावाच्या तुकड्यांनी बनलेली थीम, सुरू आहे. मेनूंची नावे मूळ इंग्रजीच ठेवली आहेत.

१. भाषा

‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ येथे साइटची भाषा मराठी करावी. आपला डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असल्यास ‘युजर्स’मधील ‘प्रोफाइल’मध्ये स्वतःपुरती इंग्रजी निवडता येते. ही पायरी टाळू नये, कारण ब्राउझरला पानाची भाषा मराठी असल्याचे कळले, तरच हिंदी व मराठी अशा दोन्ही घडणी असलेला फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतो.

२. फॉन्ट

‘अपिअरन्स’, ‘एडिटर’, ‘स्टाइल्स’, ‘टायपोग्राफी’ या मार्गाने फॉन्ट लायब्ररी उघडावी आणि मुक्ता, हिंद किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी एक फॉन्ट बसवावा. गूगल फॉन्ट्समधून निवडलेल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर उतरतात. त्यामुळे केवळ फॉन्टसाठी वेगळे प्लगइन घालण्याचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे, तो कितीही व्हिडिओंतून मिळाला तरी. वजने, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, दोनच घ्यावीत, साधे आणि ठळक (तिरोमध्ये ठळक वजन नाही, तेथे साधेच घ्यावे). देवनागरीच्या फाइली मुळात मोठ्या असतात आणि सगळी वजने उतरवून घेणारा माणूस वाचकाच्या मोबाइल डेटावर भार टाकत असतो.

३. शैलीचे थर

मला सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर द्यावा लागला आणि चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल सर्वाधिक मिळतात.

वर्डप्रेसमध्ये शैली एका जागी राहत नाही, ती थरांनी येते. सर्वांत खाली वर्डप्रेसची स्वतःची मूळ मूल्ये असतात, त्यांवर थीमच्या ‘थीम डॉट जेसन’ या फाइलमधील मूल्ये बसतात, त्यांवर आपण ‘स्टाइल्स’मध्ये केलेले बदल आणि सर्वांत वर एखाद्या ब्लॉकला त्याच्या साइडबारमधून दिलेला खास रंग किंवा आकार. वरचा थर खालच्यावर मात करतो. ‘ग्लोबल स्टाइल (म्हणजे ‘स्टाइल्स’मधील साइटभरची शैली) बदलूनही पान बदलत नाही’ ही तक्रार ज्यांची असते, त्यांनी बहुधा आधीच पाच-पन्नास परिच्छेदांना हाताने आकार दिलेला असतो. त्यावर ‘इम्पॉर्टंट’ लावलेले, म्हणजे बाकीच्या मूल्यांवर मात करणारे, सीएसएस (शैली ठरवणारा कोड) चिकटवा, असे सांगणाऱ्यांचे अजिबात ऐकू नये. त्याने आजचे पान सुधारेल, पण पुढचा प्रत्येक बदल त्या ओळीवर अडखळेल. त्याऐवजी ब्लॉक निवडून साइडबारमधील ‘टायपोग्राफी’च्या तीन टिंबांवर जावे आणि ‘रीसेट ऑल’ करावे. काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करावे लागते. एखाद्या ब्लॉकची हाताने केलेली शैली खरोखरच आवडली असेल, तर साइट एडिटरमध्ये त्या ब्लॉकच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागातील ‘अप्लाय ग्लोबली’ हे बटण ती शैली त्या जातीच्या सर्व ब्लॉकना लागू करते.

थर समजले की ‘स्टाइल्स’मध्ये वरून खाली यावे : आधी ‘टेक्स्ट’, मग ‘हेडिंग्ज’, मग दुवे व बटणे आणि अगदी शेवटी, गरज असेल तरच, एकेका जातीचा ब्लॉक.

देवनागरीची खरी गोम ‘लेटर स्पेसिंग’मध्ये आहे. परदेशी थीम रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या असतात आणि शीर्षकांतील अक्षरे किंचित विलग किंवा किंचित जवळ करण्याची मूल्ये त्यांत आधीच भरलेली असतात. रोमन लिपीत तो देखणेपणा ठरतो. देवनागरीत मात्र अंतर वाढले की शिरोरेषेत भेगा पडतात आणि ते घटले की काना शेजारच्या अक्षरावर चढतो. येथे ‘लेटर स्पेसिंग’ची चौकट रिकामी ठेवून चालत नाही, कारण रिकामी चौकट म्हणजे थीमचेच मूल्य, तिच्यात शून्य स्पष्ट लिहावे लागते. ‘हेडिंग्ज’मध्ये सर्वांसाठी शून्य लिहिल्यानंतरही एच १ ते एच ६ हे स्तर एकेक उघडून पाहावेत, कारण काही थीम एखाद्या स्तराला स्वतंत्र मूल्य देतात आणि ते सामाईक मूल्याला जुमानत नाही.

‘लाइन हाइट’ मजकुराला १.७च्या आसपास आणि शीर्षकांना १.३च्या खाली नाही, असे माझे मत आहे. रोमन अक्षरांना मानवणाऱ्या १.१मध्ये वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

पडताळणीसाठी स्टाइल बुक उपयोगी आहे, पण डॅशबोर्ड इंग्रजी असेल तर त्यातील नमुना मजकूरही इंग्रजीच असतो आणि तो पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. एक कच्चे पान करून त्यात ‘वऱ्हाड’, ‘दृष्टी’, ‘श्रींच्या’, ‘ट्रॅक्टर’ असे शब्द परिच्छेदात आणि प्रत्येक स्तराच्या शीर्षकात लिहावेत आणि ते पान मोबाइलवर उघडावे. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र नीट उमटला नाही, तर फॉन्ट बदलावा.

४. जतन

‘सेव्ह’ दाबल्यावर काय काय बदलणार आहे याची यादी उजवीकडे येते, ती वाचावी. केवळ शैली बदलायची असताना त्या यादीत एखादे टेम्प्लेटही, म्हणजे पानाचा साचाही, दिसला, तर त्याची खूण काढावी. टेम्प्लेट एकदा जतन झाले की त्याची प्रत डेटाबेसमध्ये राहते आणि थीमच्या पुढच्या अद्ययावतीकरणात आलेली त्या टेम्प्लेटची सुधारणा दिसत नाही. शैली बिघडली तर ‘स्टाइल्स’मधील घड्याळाच्या चिन्हातून जुनी नोंद परत आणता येते.

५. भाग आणि पॅटर्न

एखाद्या पट्ट्याला वेगळी पार्श्वभूमी हवी असल्यास अनेक ब्लॉक एकत्र ठेवणाऱ्या ‘ग्रुप’ ब्लॉकला थीमने दिलेल्या तयार शैलींपैकी एक लावावी. वारंवार लागणारी चौकट सिंक्ड पॅटर्न (एका जागी बदलली की सर्वत्र बदलणारी मांडणी) म्हणून जतन करावी आणि तिच्यातील जे शीर्षक किंवा चित्र प्रत्येक पानावर वेगळे हवे, त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘एनेबल ओव्हरराइड्स’ करावे. मग मांडणी सर्वत्र एकच राहते आणि मजकूर तेवढा बदलतो.

पुढे कधी थीम बदलली, तर ‘स्टाइल्स’मधील हे सर्व बदल नव्या थीमबरोबर येत नाहीत, कारण ते त्या त्या थीमच्या नावाने साठवलेले असतात. फॉन्टच्या फाइली लायब्ररीत राहतात, परंतु त्या नव्या थीममध्ये पुन्हा सक्रिय कराव्या लागतात आणि ‘लेटर स्पेसिंग’चे शून्यही पुन्हा लिहावे लागते.