'हाऊस' बघताना वही जवळ ठेवा

एकतीस वर्षं नागपुरात लॅबमध्ये रक्त तपासलं, आता रात्री नातवासोबत 'हाऊस' बघते. 2004 ते 2012 चाललेली, अवघड आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांची इंग्रजी मालिका. पेशंट कोसळला की तिथेच थांबवा, लक्षणं वहीत लिहा, शेजारी आपला अंदाज. पहिलं निदान चुकणारच, त्यात जीव गुंतवू नका. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. मालिकेत त्याचा संशय सारखा घेतात आणि तो निघत नाही, म्हणून नाव निघालं की नातू ओरडतो, "नाही ना आजी!" खरा ल्युपस निघायला चौथा सीझन उजाडला. एएनए ही ल्युपससाठी करतात ती रक्ततपासणी, पण ती पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच असंही नाही, धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येते.

तिथे डॉक्टरच लॅबमध्ये बसून सगळं करतात. बाप्पा, मग आम्ही काय चहा प्यायला होतो?

कुठल्याही मालिकेत मॉनिटरवरची रेघ सपाट झाल्यावर शॉक दिला, तर वहीत फुली मारा. अशा वेळी खरं तर छाती दाबतात, अ‍ॅड्रेनलिन देतात.

हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे, रक्त कमी, असं दिसलं की मी विदर्भातली, आधी सिकल सेल लिहिते, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार. त्याची सोल्युबिलिटी टेस्ट सोपी: द्रावणात थोडं रक्त टाकायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. वाहक की रुग्ण, ते मात्र त्यावरून कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते.